उजळ रंग ही चैन नव्हे

पुरोगामी चळवळीत वावरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मनात चित्रकलेविषयी एक ठरीव समज असतो. उपाशी माणसाचे, वाकलेल्या पाठीचे, काळोख्या झोपडीचे चित्र असले की ते ‘आपले’. फुलदाणी, खुर्ची, फळांची परडी किंवा उन्हात न्हालेले शेत रंगविलेले असले की ते पोट भरलेल्यांच्या दिवाणखान्यातले. पहिल्याला बांधिलकीचे प्रशस्तिपत्र मिळते, दुसऱ्याला चैनीचा डाग लागतो. रंग जितका उजळ तितका संशय अधिक. हा समज इतका अंगवळणी पडला आहे की तो समाजवादी विचारातून आलेला नाही, विरोधकांकडून उसना घेतलेला आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. श्रमिकाच्या वाट्याला फक्त दुःख, आणि सौंदर्याची गरज व जाण ही वरच्या वर्गाची मिरास, असे मानणारा माणूस जमीनदार असो की कार्यकर्ता, दोघांच्या मनातील श्रमिकाची प्रतिमा एकच असते.

या समजाची परीक्षा घ्यायची तर व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या (१८५३–१८९०) चित्रांकडे वळावे. तैलरंगात काम करणाऱ्या या डच चित्रकाराची सारी कारकीर्द जेमतेम दहा वर्षांची; आणि त्या दहा वर्षांत वर सांगितलेली दोन्ही प्रकारची चित्रे त्याने काढली. १८८५ सालचे ‘बटाटे खाणारे’ हे मातकट, काजळलेले चित्र डाव्या वर्तुळात नेहमी गौरवाने उल्लेखिले जाते. १८८८ साली दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गावी काढलेली सूर्यफुले, पिवळी खुर्ची, स्वतःची निजायची खोली ही चित्रे मात्र दिनदर्शिकांवर आणि चहाच्या पेल्यांवर जाऊन बसली आहेत. मधल्या तीन वर्षांत चित्रकाराने श्रमिकांची साथ सोडली आणि तो रंगांच्या नादी लागला, असा सोपा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

पाद्र्याचा मुलगा असलेला व्हॅन गॉग चित्रकार होण्यापूर्वी धर्मप्रचारक म्हणून १८७८च्या अखेरीस बेल्जियममधील बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात गेला. तेथे त्याने स्वतःचे कपडेलत्ते खाणकामगारांना वाटून टाकले, तो झोपडीत राहू लागला, खाणीत सातशे मीटर खोल उतरून त्याने तिथले काम डोळ्यांनी पाहिले. १८७९च्या एप्रिलमध्ये याच प्रदेशातील अग्राप खाणीत स्फोट होऊन शंभराहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी धर्मसंस्थेने, वक्तृत्व कमी पडते असे कारण देऊन, त्याची नेमणूक पुढे चालू ठेवण्याचे नाकारले. उपदेशकाने उपदेश ऐकणाऱ्यांसारखे राहावे हेही तिला मानवलेले नव्हते. १८८० साली चित्रकार होण्याचा निश्चय त्याने केला तो याच प्रदेशात.

पुढील दोन वर्षांत घडलेली एक लहानशी घटना त्याच्या चरित्रकारांनी नोंदविली असली तरी तिचा अर्थ पुरेसा लावला गेलेला नाही. १८८२ साली हेग शहरात असताना त्याने डोके हातांत धरून बसलेल्या एका थकल्याभागल्या म्हाताऱ्याचे चित्र शिळाप्रेसवर छापून घेतले. छापखान्यातील कामगारांनी त्या चित्राची एक प्रत भिंतीवर लावण्यासाठी मागितली. भाऊ थिओ याला लिहिलेल्या पत्रात व्हॅन गॉगने या मागणीचा ज्या आनंदाने उल्लेख केला आहे तसा आनंद त्याला एखाद्या धनिकाने चित्र विकत घेतल्यावरही झाला नसता. कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या घरांसाठी अगदी स्वस्त छापील चित्रांची एक मालिकाच काढावी, अशी योजना त्याने आखली. ती तडीस गेली नाही. पण कामगाराला भिंतीवर चित्र हवे असते, आणि ते मागण्याइतका तो त्या बाबतीत जागा असतो, ही गोष्ट त्याला तेव्हा समजली. आपल्याकडे १८९४ साली मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाला आणि तैलचित्रांच्या स्वस्त रंगीत प्रती चाळीचाळींतून पोहोचल्या, तेव्हाही हेच दिसून आले. मात्र त्या प्रतींनी श्रमिकाच्या भिंतीवर लक्ष्मी-सरस्वती आणि पुराणातल्या नायिका आणल्या. श्रमिकाचा स्वतःचा चेहरा, त्याची स्वतःची खुर्ची आणली नाही.

‘बटाटे खाणारे’ हे चित्र मोठे आहे यात शंका नाही. न्यूनेन या डच खेड्यातील एक शेतकरी कुटुंब टांगलेल्या दिव्याखाली एकाच ताटातून बटाटे खात बसले आहे. जे हात ताटात जात आहेत त्याच हातांनी माती खणली आहे, म्हणजे हे अन्न प्रामाणिकपणे कमावलेले आहे, हे दाखविण्याचा आपला हेतू होता असे चित्रकाराने लिहून ठेवले आहे. चेहऱ्यांसाठी त्याने वापरलेला रंग, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, न सोललेल्या धुळकट बटाट्याचा आहे. येथेच एक अडचण आहे. बटाट्याच्या रंगाची माणसे मातीचा भाग होऊन जातात. पाहणारा त्यांच्याविषयी कळवळतो, पण ती माणसे स्वतः काय पाहतात, त्यांना कोणता रंग आवडतो, सणाच्या दिवशी त्यांच्या घरात काय उजळते, याचा त्या चित्रात पत्ताच लागत नाही. कळवळा आणि बरोबरी यांत फरक असतो, आणि व्हॅन गॉग या चित्रापाशी थांबला असता तर तो कळवळ्याचा चित्रकार म्हणून उरला असता.

तो थांबला नाही. न्यूनेनमध्येच त्याने विणकरांची अनेक चित्रे काढली होती आणि रंगसंगतीविषयीचे ग्रंथ वाचायला सुरुवात केली होती. या शास्त्राचा उगमही कार्यकर्त्यांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. एकमेकांशेजारी ठेवलेले रंग एकमेकांना बदलतात, तांबड्याशेजारी हिरवा अधिक हिरवा दिसतो आणि निळ्याशेजारी नारिंगी पेटतो, हा नियम एखाद्या कलावंताने ध्यानस्थ बसून शोधलेला नाही. पॅरिसच्या गोबलँ या सरकारी गालिचे-कारखान्यात १८२४ साली रंगखात्याचा प्रमुख म्हणून नेमलेल्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली की काळा धागा फिका पडतो. त्याने तपास केला. काळ्यात दोष नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका भासत होता. या शोधावर त्याने १८३९ साली ग्रंथ लिहिला आणि पुढच्या दोन पिढ्यांतील चित्रकार त्यावर पोसले गेले. चित्रकलेतील रंगक्रांतीचे एक मूळ असे कापडाच्या कारखान्यात आहे. व्हॅन गॉगला ते ठाऊक असो वा नसो, त्याच्याजवळ एक लाखेची पेटी असे आणि तिच्यात रंगीत लोकरीच्या गुंड्या भरलेल्या असत. दोन रंगांचे धागे एकत्र गुंडाळून ती जोडी डोळ्यांना कशी दिसते हे तो पाहून घेई आणि मगच कॅनव्हासकडे वळे. ती पेटी आजही ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. उन्मादाच्या भरात रंग फासणारा वेडा कलावंत, हे चित्रपटांनी रूढ केलेले चित्र त्या पेटीसमोर टिकत नाही.

रंग ही वस्तूही कोठून आली हे पाहिले पाहिजे. शतकानुशतके युरोपात उत्तम निळा रंग अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द खड्याची पूड करून बनविला जाई. तो सोन्याच्या तोलाचा असल्यामुळे धर्मपीठे आणि सावकार यांनी पैसे मोजल्याशिवाय चित्रात उतरत नसे. कृत्रिम निळा शोधणाराला फ्रान्समधील उद्योग-उत्तेजक संस्थेने सहा हजार फ्रँकांचे पारितोषिक जाहीर केले आणि १८२८ साली गिमे या रसायनज्ञाने ते मिळविले. क्रोमियम हे मूलद्रव्य १७९७ साली सापडले होते. त्यापासून झगझगीत क्रोम पिवळा आला. १८४१ साली रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या दाबनळीचा एकाधिकार घेतला आणि जवसाच्या तेलात खललेला रंग खिशात घालून शेतात जाणे शक्य झाले. १८५६ साली पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाने कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला, आणि १८७०च्या दशकात जर्मन रसायनउद्योगाने त्याच डांबरातून इओसिन हा तांबडा-गुलाबी रंग काढला. व्हॅन गॉग आर्लहून थिओकडे रंगांच्या ज्या याद्या पाठवी त्यांत क्रोम पिवळा आणि इओसिनपासून केलेला जिरेनियम लेक ही नावे पुनःपुन्हा येतात. ज्या कोळशासाठी बोरिनाजमधली माणसे सातशे मीटर खाली उतरत होती, तशाच कोळशाच्या गाळातून हा तांबडा निघाला होता. खाणीकडे पाठ फिरवून चित्रकार फुलबागेत शिरला असे म्हणणाऱ्यांनी फुलांच्या रंगाचा पत्ता विचारलेला नसतो.

या उजळपणाची किंमतही कोणीतरी देत होते, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. क्रोम पिवळ्यात शिसे, चित्रकाराच्या सफेत्यात शिसे, आणि त्या काळच्या गाजलेल्या हिरव्यात सोमल. सफेत्याच्या कारखान्यांतील मजूर आणि घरे रंगविणारे रंगारी शिशाच्या विषाने लुळे पडत. त्यांच्या संघटनांनी अनेक वर्षे लढा दिल्यावर आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९२१ साली इमारतींच्या आतील रंगकामात शिशाचा सफेता वापरण्यास बंदी घालणारा करार केला. कलात्मक चित्रकारीला मात्र त्यातून वगळले. भारतात घरगुती रंगांमधील शिसे दशलक्ष भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. सौंदर्याचा हक्क मागताना ते सौंदर्य ज्यांच्या हातांनी घडते त्यांच्या फुप्फुसांचा आणि रक्ताचा हिशेब मांडणे, हे समाजवाद्यांचेच काम आहे. दुसरे कोणी ते करणार नाही.

१८८६ साली व्हॅन गॉग पॅरिसला आला तेव्हा त्याची गाठ झ्युलियँ तांगी या रंगविक्रेत्याशी पडली. हा मूळचा ब्रिटनी प्रांतातला गिलावा करणारा मजूर. पुढे पॅरिसमध्ये रंग खलण्याचे काम करू लागला. १८७१च्या पॅरिस कम्यूनमध्ये तो सामील झाला, पकडला गेला आणि ब्रेस्टच्या तरंगत्या तुरुंगात शिक्षा भोगून परतला. मग क्लोझेल रस्त्यावर त्याने एक चिंचोळे दुकान थाटले. ज्यांना कोणी उधार देत नसे अशा चित्रकारांना तो रंग देई आणि पैशांऐवजी चित्रे ठेवून घेई. सेझानची चित्रे पाहायची तर कित्येक वर्षे पॅरिसमध्ये तांगीचे दुकान हेच एक ठिकाण होते. दिवसाला पन्नास सांतीमांपेक्षा अधिक खर्चून जगणारा माणूस लबाड समजावा, असे त्याचे मत असल्याचे चित्रकार बेर्नारने लिहून ठेवले आहे. हे मत अर्थशास्त्राच्या कसोटीला उतरणारे नाही. आणि उधारीच्या खात्यावरून तांगीच्या बायकोचा जो संताप होई त्याबद्दल व्हॅन गॉगने नाराजीचे शब्द काढले असले, तरी घर चालविण्याची जबाबदारी तिच्यावर होती हे कोणत्याही कार्यकर्त्याच्या पत्नीला वेगळे सांगायला नको. व्हॅन गॉगने तांगीची तीन चित्रे काढली. त्यांपैकी १८८७च्या चित्रात हा म्हातारा कम्यूनवाला निळ्या डगल्यात, हात गुंफून, समोर पाहत बसला आहे आणि मागची सगळी भिंत जपानी छापील चित्रांनी भरलेली आहे: तांबडे किमोनो, बर्फाचा डोंगर, फुललेली झाडे. बटाट्याच्या रंगातून बाहेर पडलेला हा पहिला मोठा श्रमिक. त्याच्याभोवती दारिद्र्याची साक्ष देणारे काही नाही. त्याला जे आवडे आणि तो जे विके ते आहे.

१८८८च्या फेब्रुवारीत चित्रकार आर्लला पोहोचला. पुढच्या पंधरा महिन्यांत त्याने जे रंगविले त्याची नुसती यादी पाहिली तरी पुरे. कालव्यावरचा उचलता पूल, त्यावरून जाणारी गाडी आणि खाली कपडे धुणाऱ्या बाया. पेरणारा शेतकरी आणि त्याच्या मागे क्षितिजावर ताटाएवढा पिवळा सूर्य. रोन नदीच्या धक्क्यावर रिकाम्या होणाऱ्या कोळशाच्या नावा. स्वतःची खोली, खाट, दोन खुर्च्या, पाणी भरून ठेवलेला तांब्या. यांत एकही वस्तू अशी नाही की जी त्या गावातल्या मजुराच्या घरात किंवा वाटेवर नसेल.

खुर्चीचेच चित्र घ्यावे. गवताने विणलेल्या बैठकीची, हलक्या लाकडाची, अडाणी घाटाची खुर्ची. बैठकीवर चिलीम आणि तंबाखूचा पुडा. खाली तांबड्या विटांची फरशी, मागे फिकट निळसर हिरवी भिंत, कोपऱ्यात मोड आलेल्या कांद्यांची पेटी. खुर्ची पिवळी आहे आणि तिच्या कडा निळ्या रेषेने आखल्या आहेत. शेव्हरलने धाग्यांत पाहिलेला शेजारधर्म येथे खुर्चीला उभे करतो. युरोपीय चित्रकलेत तोवर एकट्या खुर्चीचे भव्य चित्र काढायचे तर ती सिंहासन असावी लागे. येथे खुर्ची बसण्याची आहे आणि बसणारा तिच्यावरून नुकताच उठून गेला आहे. तिच्यात करुणा शोधणारे शोधतात. पण रंग करुणेचे नाहीत. ते वस्तूविषयीच्या आदराचे आहेत. सुताराने लाकूड तासले, कोणीतरी गवत विणले, आणि ते काम चांगले झाले, अशी दाद देणारा तो पिवळा रंग आहे. निजायच्या खोलीच्या चित्राविषयी त्याने लिहिले होते की ते पाहून डोक्याला, किंबहुना कल्पनेला, विसावा मिळावा. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, या मागणीसाठी जग ढवळून निघत होते त्याच दशकात एका चित्रकाराने विसावा हा विषय निवडला आणि त्यासाठी पाइन लाकडाची खाट रंगविली.

आर्लमधील त्याचा सर्वात जवळचा मित्र जोसेफ रूलँ. त्याला सर्रास ‘पोस्टमन’ म्हटले जाते, पण तो रेल्वे स्टेशनवरच्या टपालाच्या थैल्या हाताळणारा कर्मचारी होता. कट्टर प्रजासत्ताकवादी, तो ‘मार्सेयेज’ गाऊ लागला की १७८९ साल समोर उभे राहते असे चित्रकाराला वाटे. रूलँचा पगार दरमहा १३५ फ्रँक, आणि त्यात पतिपत्नी व तीन मुले. त्याच वेळी थिओ पॅरिसमधील चित्रविक्रीच्या पेढीतल्या आपल्या पगारातून व्हिन्सेंटला दरमहा सुमारे १५० फ्रँक, आणि काही महिने त्याहूनही अधिक, पाठवीत होता. हे आकडे शेजारी ठेवले की भुकेकंगाल कलावंताची दंतकथा जरा बाजूला सरते. चित्रकार उपाशी राहिला तो रंग, कॅनव्हास आणि चौकटी यांच्या खर्चापायी. म्हणजे अर्थशास्त्राच्या भाषेत तो उपभोग कापून उत्पादनाची साधने विकत घेत होता. आणि ज्याला आजवर कोणी चित्रविषय मानले नव्हते तो टपालकामगार त्याच्याहून कमी पैशांत पाच माणसांचा संसार चालवीत होता. हे व्हॅन गॉगला पुरते ठाऊक होते. रूलँच्या पगाराचा आकडा आपल्याला समजतो तोच मुळी त्याच्या पत्रांतून. रूलँने समोर बसण्याचे पैसे घेतले नाहीत. व्हॅन गॉगने त्याची, त्याच्या बायकोची, दोन मुलग्यांची आणि तान्ह्या मुलीचीही चित्रे काढली. एका कामगार कुटुंबातील प्रत्येक माणसाचे स्वतंत्र तैलचित्र, तेही एकाहून अधिक वेळा: असा मान तोवर राजघराण्यांनाच मिळत असे. गडद निळ्या गणवेशावर सोनेरी गुंड्या आणि फीत, दुभंगलेली दाढी, आणि नंतरच्या चित्रांत मागे फुलांनी भरलेली हिरवी भिंत. गणवेशाचा निळा हा सरकारने दिलेला, फुले चित्रकाराने दिलेली. पुढे चित्रकार मनाच्या आजाराने रुग्णालयात पडला तेव्हा त्याची विचारपूस करणारा आणि थिओला पत्रे लिहिणारा हाच टपालकामगार होता.

रूलँच्या बायकोचे चित्र, ज्यात ती न दिसणाऱ्या पाळण्याची दोरी हातात धरून बसली आहे, समुद्रावर जाणाऱ्या कोळ्यांच्या जहाजातील खोलीत लागावे, दोन्ही बाजूंना सूर्यफुले असावीत आणि वादळात त्यांना पाळण्याची आठवण व्हावी, अशी चित्रकाराची कल्पना होती. ते चित्र बाजारात मिळणाऱ्या स्वस्त रंगीत छापासारखे दिसते असे तो स्वतःच म्हणे, आणि त्याला त्याचे वाईट वाटत नसे. हेगच्या छापखान्यातील कामगारांची मागणी त्याने सोडून दिलेली नव्हती, हे यावरून स्पष्ट व्हावे.

व्हॅन गॉगला समाजवादी ठरविण्याचा हा खटाटोप नाही. तो कोणत्याही पक्षात नव्हता. शेतकऱ्यांविषयीच्या त्याच्या कल्पना बऱ्याचशा भाबड्या होत्या. चित्रकारांनी आपली चित्रे एकत्र करून विक्रीचे उत्पन्न वाटून घ्यावे, अशी सहकारी संघाची एक योजना त्याने १८८८ साली मांडली होती; भांडवल, सभासदत्व आणि तोटा यांविषयी त्यात ठोस असे काही नव्हते. आर्लच्या पिवळ्या घरातील प्रयोग तर गोगँबरोबर नऊ आठवड्यांत मोडला आणि त्याचा शेवट रक्तपातात झाला. शिवाय उजळ रंग म्हणजे आनंद, असेही समीकरण नाही. आर्लमधल्या रात्रभर चालणाऱ्या दारूगुत्त्याचे त्याचे चित्र तांबड्या आणि हिरव्याच्या भडक झगड्याने भरलेले आहे. माणूस जेथे बरबाद होतो, वेडा होतो अशी ती जागा दाखवायची होती. दुःखाला काळा रंगच लागतो हा समज जितका खोटा, तितकाच लख्ख रंग हा सुखाचाच असतो हाही.

काळाने या रंगांशी बरोबर हिशेब केला. डांबरापासून निघालेला गुलाबी उन्हाने उडतो. निजायच्या खोलीच्या भिंती फिकट जांभळ्या आहेत असे त्याने १८८८च्या पत्रात लिहिले. आज त्या निळ्या दिसतात, कारण निळ्यात मिसळलेला तांबडा विरून गेला. क्रोम पिवळा उजेडात तपकिरी का पडतो याचा रासायनिक उलगडा २०११ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने झाला. नवे रंग टिकाऊ नाहीत हे व्हॅन गॉगला माहीत होते. म्हणूनच ते निःसंकोच भडक लावावेत, काळ त्यांना मऊ करील, असे तो म्हणे. स्वस्त रंगाची ही मर्यादा आहे. पण महाग रंगाची वाट पाहत बसला असता तर त्याला रूलँचे तान्हे मूल रंगविता आले नसते.

रंग उडाले, भाव चढले. १८८८च्या नोव्हेंबरात त्याने ‘तांबडा द्राक्षमळा’ काढला: मावळत्या सूर्याखाली वाकून द्राक्षे खुडणाऱ्या मजूर बायांचे चित्र. हयातीत विकले गेल्याची पक्की नोंद असलेल्या मोजक्या चित्रांत ते मोडते. १८९०च्या प्रारंभी ब्रुसेल्सला चिनीमातीच्या कारखानदार घराण्यातील चित्रकर्ती ॲना बॉख हिने ते ४०० फ्रँकांना घेतले. पुढे ते रशियातील गिरणीमालक इव्हान मोरोझोव्हकडे गेले. क्रांतीनंतर १९१८ साली त्याचा संग्रह राष्ट्रीय मालमत्ता झाला आणि आज ते चित्र मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात कोणालाही पाहता येते. येथवर टाळी वाजवायला हरकत नाही. पण त्याच मोरोझोव्हच्या संग्रहातील वर उल्लेखिलेले दारूगुत्त्याचे चित्र स्टालिनच्या सरकारने १९३३ साली परकीय चलनासाठी अमेरिकेत विकले, आणि ते घेणारा स्टीफन क्लार्क हा शिलाई यंत्रांच्या सिंगर कंपनीच्या संपत्तीचा वारस होता. जनतेच्या नावाने घेतलेली वस्तू जनतेला न विचारता विकता येते, हे नोकरशाही राजवटींविषयी लोकशाही समाजवादी जे सांगत आले त्याचे हे एक चौकटीतले उदाहरण. भांडवली बाजाराचा नमुना याहून मासलेवाईक आहे. कम्यूनवाल्या तांगीच्या दुकानातून ‘आयरिस’ आणि सूर्यफुलांचे एक चित्र मिर्बो या लेखकाने सुमारे सहाशे फ्रँकांना घेतले होते. त्यांतले ‘आयरिस’ १९८७च्या नोव्हेंबरात, शेअरबाजार कोसळल्यावर काही आठवड्यांतच, न्यूयॉर्कला पाच कोटी एकोणचाळीस लाख डॉलरना विकले गेले. नंतर उघड झाले की ऑस्ट्रेलियन भांडवलदार ॲलन बाँड याला जवळजवळ निम्मी रक्कम लिलाव करणाऱ्या पेढीनेच कर्जाऊ दिली होती, आणि ती त्याला फेडता आली नाही. विकणाऱ्याच्या दलालाने घेणाऱ्याला पैसे पुरवायचे आणि निघालेल्या आकड्याला ‘किंमत’ म्हणायचे: अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मागणीची व्याख्या अशी दिलेली नाही.

२०२२च्या ऑक्टोबरात लंडनच्या नॅशनल गॅलरीत दोन तरुण पर्यावरणवादी कार्यकर्त्यांनी सूर्यफुलांच्या चित्रावर टोमॅटोच्या सुपाचे डबे फेकले आणि जमलेल्यांना विचारले की कला अधिक मोलाची की जीवन? चित्रावर काच होती, ते बचावले. त्या मुलींची तळमळ खरी होती आणि तेलकंपन्यांविरुद्धचा त्यांचा रोषही न्याय्य होता. पण प्रश्न चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे चळवळीतील थोरांनी त्यांना सांगायला हवे होते. खुर्ची, कांदे, टपालवाल्याचे तान्हे मूल, यांना जीवनापासून तोडून पलीकडच्या पारड्यात टाकण्याचे काम लिलाववाल्यांनी केले आहे. त्यांचा तराजू चळवळीने हातात घेण्याचे कारण नाही.

ते चित्र त्या दालनात आले कसे, हेही त्या दिवशी कोणी सांगितले नाही. व्हिन्सेंट १८९०च्या जुलैत गेला, थिओ १८९१च्या जानेवारीत. थिओची विधवा योहाना हिच्या पदरात वर्षाचे मूल आणि कोणी न विचारणारी शेकडो चित्रे उरली. ती टाकून देण्याचा सल्ला तिने मानला नाही. ॲमस्टरडॅमजवळच्या एका गावी खानावळीवजा वसतिगृह चालवून तिने मूल वाढविले, चित्रे जपली, प्रदर्शने भरविली, पत्रे जुळवून १९१४ साली प्रसिद्ध केली. ती हॉलंडच्या सोशल डेमोक्रॅटिक मजूर पक्षाची सभासद होती आणि स्त्री कामगारांमधील कामात तिचा भाग होता. तिचा भाऊ विलेम बोंगर याने गुन्हेगारी आणि आर्थिक परिस्थिती यांच्या संबंधावर १९०५ साली जो ग्रंथ लिहिला तो मार्क्सवादी विचारातील एक पायाभूत ग्रंथ मानला जातो; १९४० साली नाझी फौजा हॉलंडमध्ये शिरल्या तेव्हा त्याने आपले जीवन संपविले. नॅशनल गॅलरीने सूर्यफुलांची मागणी केली तेव्हा योहानाने आधी नकार दिला. ते चित्र तिच्या भिंतीवर तीस वर्षांहून अधिक काळ होते. १९२४ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, तिने ते दिले, कारण ज्या सार्वजनिक भिंतीवर सर्वांत जास्त माणसे येतील तेथे ते असावे असे तिला पटले. त्या संग्रहालयाच्या कायम दालनांत प्रवेशासाठी आजही तिकीट काढावे लागत नाही.